बाळूंचा उन्हाळा : इंग्लंड, १९११

१९११ सालच्या वऱ्हाडात कळंब हे यवतमाळहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव होतं. चिंतामणीच्या देवळामुळे माहीत असलेलं आणि काळ्या मातीत कपाशी पिकवणारं. या पट्ट्यातला कापूस बैलगाड्यांतून यवतमाळच्या बाजारात यायचा. पुढे, आज आपण जिला ‘शकुंतला’ म्हणतो त्या अरुंद रुळांच्या गाडीने तो मूर्तिजापूरला जायचा आणि तिथून मोठ्या रेल्वेने मुंबईला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात तिकडचा कापूस अडवला, तेव्हापासून लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड हे नाव ठाऊक झालं होतं.

कापूस जिथून परदेशी जायचा त्याच मुंबई बंदरातून १९११ च्या मे महिन्यात एक क्रिकेट संघ बोटीत चढला. सबंध हिंदुस्थानच्या नावाने परदेशी खेळायला निघालेला हा पहिला संघ. जूनपासून पुढे तीन महिने तो इंग्लंडभर फिरला. लँकेशायर कौंटीशी गाठ पडली तेव्हा या संघाच्या एका डावखुऱ्या गोलंदाजाने ८३ धावांत ७ गडी बाद केले. त्याचं नाव बाळू पालवणकर, वय ३५, जातीने चर्मकार. ज्या गोलंदाजाने इंग्लंडच्या कौंट्यांचे फलंदाज त्या उन्हाळ्यात हैराण केले, त्याला पुण्यात वर्षानुवर्षं मंडपाबाहेर उभं राहून मातीच्या भांड्यात चहा प्यावा लागला होता.

दौऱ्याचा निकाल कागदावर निराशाजनक दिसतो. २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. पहिल्या दर्जाचे सामने १४, त्यांत विजय फक्त २. म्हणून कित्येक वर्षं या दौऱ्याची ओळख ‘फसलेला दौरा’ एवढीच राहिली. पण या आकड्यांच्या आत आणखी एक आकडा आहे. संघ हरत असताना एकट्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, आणि सरासरी १९ धावांच्याही आत राखली. १९११ चा खरा इतिहास या दोन हिशोबांमधल्या अंतरात आहे.

पुण्याची खेळपट्टी

पालवणकरांचं मूळ गाव कोकणातलं पालवण, आडनावही त्यावरूनच. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीपायी कुटुंब पुण्याला आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही नामांकित क्रिकेटपटू झाले. एका घरातले चार भाऊ, आणि चौघेही मोठ्या स्पर्धांत खेळलेले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबच्या मैदानावर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे जाळी लावायची, खेळपट्टी आखायची आणि सरावाला गोलंदाजी करायची. जॉन ग्लेनी ग्रेग हा त्या काळचा हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकून घ्यायचा. बाळूंनी आपल्याला बाद केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. या सरावातून बाळूंचा हात तयार झाला. संथ वेगाचा, टप्प्यावर पक्का, दोन्हीकडे वळणारा चेंडू. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली, त्या गोलंदाजीचा पाया इथला.

पूना जिमखान्यात त्यांना कधी बॅट धरू दिली नाही. बॅट हे साहेबांचं काम. गोलंदाजी कष्टाची, म्हणून ती नोकराची.

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्या जिमखान्याला हरवायचं होतं, आणि हरवू शकणारा गोलंदाज समोरच होता. पण तो अस्पृश्य होता. संघात बरीच वादावादी झाली. अखेर बाळूंना घेतलं गेलं, आणि एक विचित्र व्यवस्था सुरू झाली. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाची सुटी झाली की बाळू बाहेर आणि बाकीचे मंडपात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर अस्पृश्य गड्यानेच ते मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यायचं.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सामना जिंकून दिला तेव्हा त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला आणि सवर्ण खेळाडूंना खडसावलं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायलाही हवं. पुढे लोकमान्य टिळकांनीही त्यांचं जाहीर कौतुक केलं. रानडे आणि टिळक यांचं क्वचितच एकमत व्हायचं. बाळूंच्या गोलंदाजीबद्दल मात्र ते झालं.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला गेले. आधी लष्करात, मग मुंबई-बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेत नोकरी लागली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना जागा मिळाली आणि शिवरामही आला. फेब्रुवारी १९०६ मध्ये या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळूंचे त्यात आठ बळी होते. बंगालच्या फाळणीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते आणि स्वदेशीची हवा देशभर होती. मुंबईच्या सुधारक वर्तमानपत्रांनी या विजयाची नोंद दुहेरी केली. गोऱ्यांना हरवलं हे एक, आणि अस्पृश्य भावांना बरोबर घेऊन हरवलं हे दुसरं.

संघ जमवण्याची कसरत

इंग्लंडला हिंदुस्थानचा संघ न्यावा ही कल्पना नवी नव्हती. पारशांचे संघ १८८६ आणि १८८८ साली जाऊन आले होते. सर्वांचा मिळून एक संघ नेण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला, पण कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यायचे यावरून तो मोडला. जहांगीर फ्रामजी पटेल हे पारशी उद्योजक मात्र हा विषय सोडायला तयार नव्हते. टाटांचं घराणं त्यांच्या पाठीशी उभं राहिलं.

१९०९ नंतर या दौऱ्याची गरज वेगळ्याच कारणाने वाढली. त्या वर्षी जुलैत मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. डिसेंबरात अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकला कलेक्टर जॅक्सनला मारलं. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. सावरकरांना १९१० साली लंडनमध्येच पकडलं गेलं आणि जुलै १९११ मध्ये, म्हणजे हा संघ इंग्लंडच्या मैदानांवर खेळत असताना, त्यांना अंदमानात उतरवलं गेलं. इंग्लंडच्या लोकांपुढे हिंदुस्थानची ‘निष्ठावंत’ बाजू मांडावी, असं उद्योगपतींना आणि संस्थानिकांना वाटत होतं. पांढऱ्या कपड्यांतला क्रिकेट संघ त्यासाठी सोयीचा होता. शिवाय १९११ हे पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष.

संघ ठरला तो समाजांच्या मापाने. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान, आणि कप्तान शीख : पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. खेळाडूंची निवड करणाऱ्यांत ग्रेगचा शब्द मोठा होता. आठ आण्यांच्या गोष्टीतला तोच ग्रेग. बाळूंना त्याच्याइतकं जवळून ओळखणारा दुसरा इंग्रज नव्हता. हिंदूंच्या पाच जागांपैकी दोन पालवणकरांच्या घरात गेल्या, बाळू आणि शिवराम. त्यांच्याबरोबर मुंबईचे मुकुंद दामोदर पै आणि दक्षिणेतले जयराम व शेषाचारी होते. पारशांत डॉ. होरमसजी कांगा, मेहेरहोमजी, वॉर्डन, बलसारा. मुसलमानांत अलीगढ कॉलेजात खेळून तयार झालेले तरुण. राजवाड्यातला महाराज आणि खेळपट्टी झाडलेला गोलंदाज एकाच संघाच्या यादीत आले. हिंदुस्थानच्या कोणत्याही सभेत तेव्हा असं घडलं नसतं.

उन्हाने तापलेलं इंग्लंड

इंग्लंडमध्ये खेळांचं वर्ष दोन भागांत विभागलेलं असायचं. सप्टेंबर ते एप्रिल फुटबॉल, मे ते सप्टेंबर क्रिकेट. फुटबॉलची १९१०–११ ची लीग मँचेस्टर युनायटेडने जिंकली होती. या क्लबला आदल्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्ड हे नवं मैदान मिळालं होतं, लँकेशायरच्या क्रिकेट मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फुटबॉल हा गिरणी कामगारांचा खेळ होता. त्यात पगारी खेळाडूंना १८८५ पासूनच मान्यता होती.

क्रिकेटचं तसं नव्हतं. तिथे पगार घेणारा आणि न घेणारा यांच्यात भिंत होती. हौशी ‘जंटलमन’ मंडळींची कपडे बदलण्याची खोली वेगळी, कित्येक मैदानांवर आत येण्याचं फाटकही वेगळं. धावफलकावर त्यांची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापली जायची, पगारी खेळाडूंची नंतर. कप्तान हौशीच असायचा. मेहनतीची गोलंदाजी बहुतेक पगारी खेळाडूंच्या वाट्याला यायची. पूना जिमखान्यात बाळूंना जे मिळालं, त्याची मुळं अशी इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत होती. हिंदुस्थानात तिच्यावर जातीचा थर चढला, आणि तो जास्त कठोर होता. पगारी इंग्रज गोलंदाजाला वेगळ्या खोलीत कपडे बदलावे लागत. त्याच्या स्पर्शाने चहाची कपबशी मात्र बाटत नव्हती.

महाराजांचं लक्ष क्रिकेटपेक्षा दरबारांकडे होतं. २२ जूनला राज्याभिषेक झाला. त्याच्या आगेमागे मेजवान्या, भेटी, समारंभ चालूच होते. कप्तान मोजके सामने खेळले. त्यांच्या सेवेत असलेले केखुशरू मिस्त्री हे संघातले सगळ्यात देखणे फलंदाज. धन्याबरोबर तेही संघाला दुरावले. उरलेल्या खेळाडूंना आठवड्याला दोन-दोन सामने, रात्रीचे रेल्वे प्रवास आणि दर तीन दिवसांनी नवी खेळपट्टी. अशा दौऱ्याची सवय कुणालाच नव्हती.

सुरुवात वाईट झाली. लॉर्ड्सवर एमसीसीने डावाने हरवलं. त्यातही बाळूंनी ९६ धावांत ४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. ही त्यांच्या सबंध कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी ठरली. पण समोरच्या संघाने पाचशेच्या आसपास धावा करायच्या आणि आपल्या फलंदाजांनी दोनदा कोसळायचं, असं पुन्हा पुन्हा घडत होतं. खांदा दुखत असताना बाळू एका टोकाने षटकांमागून षटकं टाकत राहिले. दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा वॉर्डन असायचे, तेही डावखुरे आणि संथ. संघाची सगळी गोलंदाजी या दोघांच्या खांद्यावर होती.

त्यातून तो उन्हाळाही नेहमीसारखा नव्हता. इंग्लंडमध्ये त्या वर्षी असाधारण ऊन पडलं. ९ ऑगस्टला ग्रिनिचला पारा १०० अंश फॅरनहाइटला टेकला. तो उच्चांक पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं टिकला. इंग्लंडमधला संथ गोलंदाज ओल्या, मऊ खेळपट्टीची वाट पाहतो, कारण तिथे चेंडू पकड घेऊन वळतो. कोरड्या आणि टणक खेळपट्टीवर त्याला टप्प्याच्या आणि उंचीच्या हुशारीवरच भागवावं लागतं. बाळूंचे ११४ बळी या उन्हातले आहेत. बाहेरचं वातावरणही तापलेलं होतं. खलाशी, गोदी कामगार यांचे संप झाले, आणि ऑगस्टात देशभरची रेल्वे थांबली. लिव्हरपूलच्या रस्त्यांवर लष्कर उतरलं. हिंदुस्थानच्या खेळाडूंनी साम्राज्याचं वैभव आणि त्याच्या पोटातली अस्वस्थता एकाच दौऱ्यात पाहिली.

लिस्टर आणि टाँटन

जुलैच्या मध्यावर चित्र पालटलं. लिस्टरशायरविरुद्ध बाळूंनी पहिल्या डावात ९२ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९३ धावांत ६ बळी घेतले. फलंदाजीत डॉ. कांगांनी मोठं शतक काढलं. मुंबईच्या पावसाळी क्रिकेटमधली कांगा लीग ज्यांच्या नावाने आजही खेळली जाते, ते हेच कांगा. सामना सात गडी राखून जिंकला. एखाद्या इंग्लिश कौंटीवर अखिल हिंदुस्थानच्या संघाने मिळवलेला हा पहिला विजय.

त्यानंतर टाँटनला सॉमरसेटशी गाठ पडली. शेवटच्या डावात जिंकायला २६५ धावा हव्या होत्या. त्या काळी चौथ्या डावात एवढ्या धावा करणं भल्याभल्या संघांना जड जायचं, आणि हा संघ तर अडीचशेचा टप्पा क्वचितच गाठत होता. भरवशाचे फलंदाज बाद होत गेले आणि सामना पालवणकर भावांच्या हाती आला. ज्या बाळूंना पुण्यात बॅटला हात लावू दिला नव्हता, त्यांनी ५५ धावा काढल्या. शिवरामांनी एक टोक धरून ठेवलं आणि शेवटपर्यंत नाबाद राहून ११३ धावा केल्या. नऊ गडी बाद झालेले असताना विजयाची धाव निघाली.

एक गडी राखून मिळवलेल्या त्या विजयात दोन चर्मकार भावांच्या मिळून १६८ धावा होत्या. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत या दौऱ्याने मिळवलेले विजय दोनच, आणि दोन्ही पालवणकरांच्या हातून आले.

त्याच महिन्यात आणखी एक घटना हिंदुस्थानात घडली आणि तिने देश ढवळून काढला. २९ जुलैला कलकत्त्याला मोहन बागान या बंगाली क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असं हरवून फुटबॉलची आयएफए शील्ड जिंकली. एकाचा अपवाद सोडला तर त्यांचे सगळे खेळाडू अनवाणी खेळले. पहिला गोल गोऱ्यांनी केला. कप्तान शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोषने विजयी गोल मारला. बंगालने हा दिवस आजपर्यंत विसरू दिलेला नाही. त्यावर गाणी झाली, पुस्तकं झाली, चित्रपट झाले. टाँटनचा विजय त्याच्या काही दिवस आधीचा. पण तो दूर इंग्लंडमध्ये झाला, हरत असलेल्या संघाने मिळवला, आणि मिळवून देणारे दोघे ज्या समाजातून आले होते त्या समाजाकडे स्वतःची वर्तमानपत्रं आणि सभागृहं फारशी नव्हती. कलकत्त्याच्या विजयाचे भाट तयार होते. टाँटनच्या विजयाला ते मिळाले नाहीत.

पुढे संघ स्कॉटलंडला आणि आयर्लंडलाही जाऊन आला. कौंटी स्पर्धा त्या वर्षी पहिल्यांदाच वॉर्विकशायरने जिंकली, आणि इंग्रज वाचकांच्या दृष्टीने हंगामाची मोठी बातमी ती होती. हिंदुस्थानच्या संघाबद्दल तिथल्या जाणकारांचं मत साधारण एकच पडलं : फलंदाजी कच्ची, क्षेत्ररक्षण ढिलं, पण बाळू कुठल्याही कौंटीच्या संघात शोभेल असा गोलंदाज आहे. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्यांचे बळी ७५, सरासरी २० च्या आसपास. त्यांच्या सबंध कारकिर्दीत ३३ सामने आणि १७९ बळी आहेत. म्हणजे दर पाच बळींतले दोन त्या एका उन्हाळ्यातले. इंग्रज कौंट्यांतल्या खेळाडूंना दर वर्षी असा हंगाम मिळायचा. बाळूंना आयुष्यात एकदाच मिळाला, तोही पस्तिशीत.

मानपत्र आणि कप्तानपद

संघ परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळी मानपत्राचं काम एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे होतं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या त्या तरुणाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याच्या अगदी आरंभीच्या प्रसंगांत या सत्काराचा उल्लेख होतो. दोन वर्षांनी ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेला गेले. सरकारी खुर्ची, पदवी किंवा वतन नसताना केवळ स्वतःच्या कसबाने साऱ्या देशात नाव झालेला अस्पृश्य माणूस तेव्हा बाळूंशिवाय दुसरा दाखवता आला नसता. आंबेडकरांच्या पिढीने त्यांच्याकडे अभिमानाने पाहिलं, त्यामागे हे कारण होतं.

जिमखान्याचा दरवाजा मात्र ठरावीक उंचीपर्यंतच उघडला होता. १९१२ पासून मुसलमानांचा संघ सामील होऊन मुंबईची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघात बाळू सगळ्यांत अनुभवी होते, पण कप्तानपद त्यांच्याकडे आलं नाही. १९१३ साली ते मुकुंद पैंना मिळालं. इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंची गोलंदाजी जवळून पाहिलेले पै स्वतःच्या सत्कारात उठून म्हणाले की हा मान खरं तर ज्येष्ठ बाळूंना मिळायला हवा होता. सवर्ण कप्तानाने आपल्याच सत्काराच्या दिवशी हे बोलून दाखवणं सोपं नव्हतं.

याच काळात, १९१६ साली, विदर्भाचा एक तरुण हिंदू संघात आला. नागपूरचे कोट्टारी कनकैया नायडू. बाळूंची कारकीर्द उतरणीला लागली होती आणि नायडूंची सुरू होत होती.

वाद पेटला तो १९२० मध्ये. पै आजारी पडले. त्यांच्या जागी पुण्याचे दि. ब. देवधर कप्तान झाले. बाळूंना संघातूनच वगळलं आणि विठ्ठल यांचा दावा डावलला. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि वर्तमानपत्रांतून जाहीर निवेदन दिलं. कप्तान निवडताना जात पाहिली जाते आणि हा आपला अपमान आहे, हे त्यांनी लपवाछपवी न करता लिहिलं. लोकांचा दबाव वाढला. पै बरे होऊन परतले तेव्हा बाळूंना उपकप्तान करून संघात घेतलं गेलं आणि भाऊही आले. सामन्यात पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. ४४ व्या वर्षी, काही काळापुरतं. त्याच वर्षी धाकटे गणपत वारले.

लढ्याचं फळ विठ्ठलांना मिळालं. १९२३ साली ते हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाने खेळपट्टी झाडण्यापासून सुरुवात केली होती. त्यानंतर तीस वर्षांनी धाकट्याला प्रेक्षकांनी खांद्यावर उचलून नेलं.

१९३२

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. नाणेफेकीला गेले ते नागपूरचे नायडू. १९११ च्या संघाला महाराजाच कप्तान हवा होता. १९३२ लाही नावापुरते कप्तान पोरबंदरचे महाराज होते, पण कसोटीच्या दिवशी त्यांनी बाजूला होऊन नायडूंना पुढे केलं. एकवीस वर्षांत एवढा बदल झाला होता.

बाळू तेव्हा ५६ वर्षांचे होते आणि राजकारणात उतरले होते. कसोटीनंतर तीन महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाच्या सावटाखाली पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचं आणि आंबेडकरांचं पटलं नव्हतं. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. पंचवीस वर्षांपूर्वी मानपत्राच्या निमित्ताने एकत्र आलेली ही दोन माणसं. अस्पृश्यतेचा अंत दोघांनाही हवा होता. सवर्णांच्या मनावर भरवसा ठेवावा का, या एका प्रश्नाने त्यांना समोरासमोर आणलं. एकाने मैदानावर मन पालटताना थोडंफार पाहिलं होतं. दुसऱ्याने पाण्याच्या तळ्यावर आणि देवळाच्या दारात ते न पालटताना पाहिलं होतं.

बाळूंचं निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झालं. त्यानंतर बरीच वर्षं क्रिकेटच्या इतिहासात त्यांना एखाददुसऱ्या ओळीची जागा मिळाली. २००२ साली रामचंद्र गुहा यांच्या पुस्तकाने आणि २०१९ साली प्रशांत किदंबी यांच्या पुस्तकाने १९११ चा तो दौरा जगापुढे नव्याने मांडला. दोघेही इंग्रजीत लिहिणारे. मात्र पालवणकर भावांची हकिकत घरातल्या माणसाच्या तोंडून सांगणारं पुस्तक त्याच्या कितीतरी आधी मराठीत निघालं होतं : विठ्ठल पालवणकरांचं ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८. गुहांना बाळूंपर्यंत पोचवणाऱ्या साधनांत या पुस्तकाचं स्थान मोठं आहे. ते पुन्हा छापलं जावं, आणि यवतमाळपासून रत्नागिरीपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात, जिथे मुलं संध्याकाळी बॅट-चेंडू घेऊन जाण्याआधी डोकावतात तिथे, हाताशी असावं.